शब्द डोक्यात आहे, तोंडाला वाट सापडत नाही : अ‍ॅप्रॅक्सियाचा घरचा सराव

स्ट्रोकनंतर चौथ्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना त्यांचं नाव विचारलं. बाबांनी तोंड उघडलं, ओठ मिटले, पुन्हा उघडले, जीभ आतल्या आत काहीतरी चाचपडत राहिली आणि बाहेर आला तो नुसता 'आ'. तीनदा तसंच झालं. कपाळावर घाम जमला. पाच मिनिटांनी वॉर्डबॉयची ट्रॉली पलंगावर आदळली आणि बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "अरे देवा!" माझा भाऊ आनंदाने ओरडला, "बोलता येतंय की!" हेच वाक्य पुढे दोन महिने भेटायला येणाऱ्यांकडून ऐकलं, आणि त्यात आनंदापेक्षा संशयच जास्त असायचा.

ज्यांच्या घरात सध्या असंच काही चाललं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्यावर उपचार करणारी तज्ज्ञ, नाही. दोन वर्षं बाबांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले, त्यातून शिकले ते सांगते. तुमच्या थेरपिस्टनी वेगळं सांगितलं, तर त्यांचं ऐका.

आधी, होतं काय ते

'पाणी' म्हणायला काय काय लागतं ते पाहा. ओठ मिटायचे, सुटायचे, त्यानंतर क्षणभराने कंठ थरथरायला लागायचा, जबडा खाली यायचा, जीभेचं टोक मागे वळून टाळूला टेकायचं, त्याच वेळी मऊ टाळू खाली येऊन नाकाची वाट उघडायची, मग 'ई'साठी जीभ पुढे आणि वर. हे सगळं अर्ध्या सेकंदात. कुठला अवयव कधी, किती आणि कुणानंतर हलवायचा याचा आराखडा मेंदू तयार करतो, बहुतेकांच्या बाबतीत मेंदूची डावी बाजू. तो आराखडाच बिघडला की त्याला स्पीच अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फ्रेडरिक डार्ली यांनी १९६०च्या दशकात हे दुखणं वेगळं काढून दाखवलं.

यात स्नायू शाबूत असतात. बाबांच्या ओठाला लागलेलं श्रीखंड तीच जीभ झटकन चाटून घ्यायची. पण 'ल' म्हणा म्हटलं, की तिला घर सापडेना. आणि 'अरे देवा'चं कोडं असं आहे, की आयुष्यभर तोंडात बसलेली वाक्यं, पाढे, वार, शिव्या हे सगळं तयार साच्यातून येतं. ठरवून बोलायचं म्हटलं की नवा आराखडा लागतो आणि गाडी तिथेच अडते. म्हणजे माणूस सोंग करत नाही. हे घरातल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगा, नाहीतर पुढचा सगळा सराव संशयाच्या वातावरणात होतो.

बोलणं अचानक बिघडलं असेल, तोंड वाकडं झालं असेल, हात गळाला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सकाळपर्यंत वाट बघू, हा विचार महागात पडतो. उलट, स्ट्रोक वगैरे काही नसताना बोलणं महिनोन् महिने हळूहळू बिघडत गेलं असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. तो प्रकार वेगळा असतो. लहान मुलांतला अ‍ॅप्रॅक्सियाही वेगळा. त्याची थेरपी लहान मुलांचं काम करणाऱ्यांकडेच घ्यावी.

पायरी १ : नेमकं कशाशी लढायचंय ते ठरवून घ्या

स्ट्रोकनंतर बोलणं तीन प्रकारे अडतं आणि 'वाचा गेली' या एकाच शब्दात आपण तिन्ही कोंबतो. अफेझियात भाषाच हरवते. शब्द आठवत नाही, कधी समोरच्याचं बोलणं समजत नाही, लिहिणंही बिघडतं. डिसार्थ्रियात स्नायू अशक्त किंवा ताठर होतात, त्यामुळे बोलणं सगळीकडे सारखंच बोबडं, पुसट येतं. अ‍ॅप्रॅक्सियात चुका जागा बदलतात. 'बस' एकदा 'पस' होते, एकदा 'मस', आणि चौथ्या वेळी अगदी बरोबर येते. शब्द लांबला की घोळ वाढतो. अक्षरं सुटी सुटी पडतात, 'मं... ड... ई' अशी. सूर सपाट होतो. आणि सगळ्यात ठळक खूण म्हणजे ते चाचपडणं. ओठ आवाज न करता दोनतीन आकार करून बघतात.

अ‍ॅप्रॅक्सिया आणि अफेझिया बऱ्याचदा जोडीने येतात. बाबांना दोन्ही होतं, अफेझिया थोडा. म्हणून निदान घरी करू नका, पण थेरपिस्टकडे जाण्याआधी चार गोष्टी टिपून न्या. बोललेलं कळतं का? लिहिता येतं का? एक ते दहा ओळीने म्हणता येतं का, आणि मध्येच 'सात' विचारल्यावर सांगता येतं का? जेवताना ठसका लागतो का? ठसका लागत असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. थेरपिस्ट आणखी एक गंमत करून बघतात. 'पा-पा-पा' ठीक येतं, 'ता-ता-ता' येतं, 'का-का-का' येतं, पण 'पा-ता-का, पा-ता-का' म्हटलं की गाडी घसरते. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं, हीच खरी अडचण.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण नोंदणीकृत माणूस तो आनंदाने दाखवतो. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठात हा विषय शिकवणारं स्वतंत्र महाविद्यालय आहे, शिवाय मोठ्या हॉस्पिटलांच्या पुनर्वसन विभागांत चौकशी करता येते. दुसरा प्रश्न असा विचारा : "सेशनला घरचं माणूस बसलं तर चालेल का?" नाही म्हणाले, तर मी पुढे जाईन. आठवड्यातून दोन तासांत काही होत नाही, खरं काम घरी होतं आणि ते बघितल्याशिवाय येत नाही.

पायरी २ : मेणबत्ती फुंकणं बंद करा

माझा राग आहे तो इथे. एका क्लिनिकमध्ये सहा आठवडे बाबांकडून मेणबत्ती फुंकून घेतली, फुगे फुगवले, जीभ डावी-उजवी करून घेतली. बाबा मेणबत्ती पहिल्याच दिवशी विझवत होते! सहा आठवड्यांनी मेणबत्ती अजून लांबून विझत होती, आणि 'नको' मात्र येत नव्हतं.

स्नायू अशक्तच नाहीत, तर त्यांना व्यायाम देऊन काय मिळणार? सायकल चालवायला विसरलेल्या माणसाला बैठका काढायला लावण्यासारखं ते आहे. बोलण्याच्या हालचाली बोलूनच सुधारतात. सरावाचा प्रत्येक मिनिट खऱ्या शब्दांवर जाऊ द्या.

पायरी ३ : शब्द निवडा, पण कोणाचे?

पहिले आठ-दहा शब्दच घ्या. आमच्या नव्या थेरपिस्टनी मला वही दिली आणि म्हणाल्या, बाबा दिवसभरात काय बोलायचे ते आठवून लिहा. पुस्तकातले 'कमळ', 'बदक' नकोत. आमची यादी झाली ती अशी : अगं, नको, बास, चहा, पाणी, पेपर, मनू (नात), मंडई. यातला 'अगं' सगळ्यात आधी आला. चाळीस वर्षं आईला त्यांनी त्याच हाकेने बोलावलं होतं.

निवडताना दोन गोष्टी तोलायच्या. प, ब, म हे ओठांवर दिसतात, म्हणून सोपे. क, ग घशाकडे होतात, ते दिसत नाहीत. जोडाक्षरं कठीण, 'ब्रश' आणि 'स्वयंपाक' मागे ठेवा. पण माणसाला एखादा शब्द हवाच असेल, तर तो कठीण असला तरी घ्या. बाबांना 'अप्पा बळवंत चौक' म्हणायचं होतं. जुन्या पुस्तकांसाठी दर शनिवारी तिथे फेरी असायची. ळ, मग व, मग त, मग चौ. आम्ही तीन दिवस झटलो. थेरपिस्ट हसून म्हणाल्या, "अहो काका, एबीसी म्हणा की, सगळं पुणं तेच म्हणतं." 'ए-बी-सी' दुसऱ्याच प्रयत्नात आलं. अवघड शब्दाला गावातच एखादी पळवाट असते, ती शोधा.

जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या मागे एकेक शब्द मोठ्या अक्षरात लिहा. जाड कागद, हातात धरायला बरा.

पायरी ४ : एकत्र म्हणण्यापासून एकट्याने म्हणण्यापर्यंत

जॉन रोझेनबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली आठ पायऱ्यांची एक पद्धत मांडली. आजही बरीचशी थेरपी तिच्या अंगानेच चालते. कल्पना साधी आहे : आधार भरपूर द्यायचा आणि मग तो एकेक करून काढून घ्यायचा. 'चहा दे' घेऊन सांगते.

समोरासमोर बसा, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. चेहऱ्यावर उजेड हवा. खिडकीकडे पाठ करून बसलात तर तुमचं तोंड काळोखात जातं. (आम्ही पहिला आठवडा तसंच बसलो होतो.) म्हणा, "माझ्याकडे बघा, ऐका, आणि माझ्याबरोबर म्हणा." दोघांनी एकत्र, सावकाश : चहा दे. पाचसहा वेळा. जमलं, की पुढच्या वेळी तुम्ही आधी मोठ्याने म्हणा, आणि ते म्हणतील तेव्हा तुमचे फक्त ओठ हलू द्या, आवाज काढू नका. मग तुम्ही एकदा म्हणा, आणि त्यांच्या वेळी तोंड बंद ठेवा. मग तुम्ही एकदाच म्हणा, आणि त्यांनी ओळीने चारपाच वेळा.

इथून पुढे तुमचा आवाज बाद. पत्रिकेमागचं अक्षर दाखवा, वाचून म्हणू देत. मग दाखवा, उलटं ठेवा, थोडं थांबून म्हणू देत. मग प्रश्न : "काय हवंय?" आणि शेवटी नाटक. तुम्ही अमृततुल्यवाले, ते गिऱ्हाईक.

एखाद्या पायरीवर सतत अडायला लागलं तर एक पायरी मागे या. आम्हाला 'चहा दे'ला नऊ दिवस लागले, 'बास'ला एक.

पायरी ५ : आवाजाला जागा दाखवा

काही आवाज नुसते ऐकून जमत नाहीत, त्यांना जागा दाखवावी लागते. मराठीत हे काम जरा जास्तच आहे, कारण त-ट, न-ण, ल-ळ अशा जोड्या आपल्याकडे पदोपदी. एका दुपारी बाबा 'टाक' म्हणाले. आई म्हणाली, "काय टाकू?" बाबा चिडले, पुन्हा 'टाक'. आईने आमटीत मीठ टाकलं. त्यांना हवं होतं ताक.

त्यासाठी आरसा घ्या. 'त'साठी जीभेचं टोक वरच्या दातांना मागून लावून दाखवा, आपल्या तोंडात टॉर्च मारून सुद्धा. 'ट'साठी टोक मागे वळवून. मग ताक-टाक, काल-काळ, माल-माळ अशा जोड्या घ्या. प आणि ब यांत गोंधळ होत असेल तर त्यांचा तळहात तुमच्या गळ्यावर ठेवा. 'ब'ला ओठ मिटलेले असतानाच थरथर लागते, 'प'ला ओठ सुटल्यावर. 'प' आणि 'फळ'मधला 'फ' यांसाठी ओठांसमोर पातळ कागदाची पट्टी धरा, 'फ'ला ती जोरात उडते. हे मेणबत्तीसारखंच दिसतं, पण पट्टी इथे शब्द म्हणताना हलते, नुसती फुंकायची नाही.

लिहिलेलं अक्षर कधी फसवतं तेही लक्षात ठेवा. 'चहा' आणि 'चाक' लिहिताना च एकच, तोंडात मात्र दोन वेगळ्या जागा. 'च' आला म्हणून खूश होऊन मी 'चाक' दिलं आणि सगळं कोलमडलं. ते नवं अक्षर समजूनच शिकवावं लागतं.

पायरी ६ : ताल

कॅरमच्या पाच सोंगट्या टेबलावर ओळीने मांडा. एका अक्षराला एक सोंगटी, बोटाने स्पर्श करत जायचं : म-ला-पा-णी-दे. बाबांचा उजवा हात कमजोर होता, म्हणून डाव्याने. वेग कमी होतो आणि पुढच्या अक्षराच्या आराखड्याला वेळ मिळतो. फोनवरचं मेट्रोनोमही चालतं, पण बाबांना त्या टकटकीचा वैताग यायचा.

सुराचाही उपयोग होतो. १९७३च्याच सुमारास बॉस्टनमध्ये सुरावर आधारित थेरपी मांडली गेली, मुख्यतः अफेझियासाठी. छोटं वाक्य दोन सुरांत, चढ-उतारासह गुणगुणायचं, डाव्या हाताने ठेका धरायचा, आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. इथे एक गैरसमज होतो. गणपतीत बाबांनी अख्खी आरती सगळ्यांबरोबर म्हटली आणि घरात पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी 'पाणी' तसंच अडलं. आरती तयार साच्यातून येते. आरती जरूर म्हणू द्या, मन मोकळं होतं, पण ठेका आणि सूर लावायचा तो 'मला पाणी दे'ला.

पायरी ७ : किती, कधी, आणि चूक कशी सांगायची

दिवसातून तीनचार वेळा, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं. सलग तासभर बसवू नका. थकलेल्या तोंडाने चुकाच पक्क्या होतात. बाबांची सकाळ चांगली, संध्याकाळी पाचनंतर शून्य. पण त्या पंधरा मिनिटांत शब्द शंभरदा तरी आला पाहिजे. गप्पा कमी, उच्चार जास्त.

पहिल्या दिवसांत एकच शब्द ओळीने म्हणून घ्या. तो जरा बसला, की पत्रिका पिसा आणि शब्द उलटसुलट येऊ द्या. यात चुका वाढतात, घरचे घाबरतात. घाबरू नका, ओळीने म्हणून बसलेला शब्द सरावाच्या खुर्चीतच राहतो, पिसून बसलेला बाहेर टिकतो. तसंच सुरुवातीला प्रत्येक उच्चाराला लगेच 'बरोबर' किंवा 'ओठ मिटा' सांगा. पुढे तीनचार सेकंद थांबा, आणि दर चारपाच उच्चारांनंतर एकदाच सांगा. मधल्या शांततेत माणूस आपलं आपण ऐकतो. बाबा अंगठा वर-खाली करून स्वतःला मार्क द्यायला लागले, आणि ते माझ्यापेक्षा कडक निघाले.

'नीट बोला', 'जोर लावा' हे म्हणू नका. जोर लावला की चाचपडणं वाढतं. दर रविवारी तेच दहा शब्द फोनवर रेकॉर्ड करा. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, दोन महिन्यांपूर्वीचं रेकॉर्डिंग ऐकवलं की दिसतो. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा भराभर होते, पुढे मंदावते, पण सराव चालू असेल तर वर्षांनंतरही नवे शब्द येतात. माणूस गप्प गप्प, जेवणाकडे पाठ, झोप उडालेली असं असेल तर डॉक्टरांना सांगा. स्ट्रोकनंतरच्या नैराश्यावर उपचार आहेत.

पायरी ८ : बोलण्यावाचून अडू देऊ नका

खाणाखुणा, पाटी-पेन्सिल, फोनमधले फोटो, मराठी वाचून दाखवणारा फोनचा आवाज, सगळं वापरा. "आयतं मिळालं तर बोलणार नाहीत" ही भीती निराधार आहे. उलट ताण कमी झाला की शब्द सुटतात. बाबांच्या खिशात एक कार्ड असतं : 'मला सगळं कळतं. बोलायला वेळ लागतो. कृपया थांबा.' रिक्षात, बँकेत ते फार कामाला आलं. वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेलं आहे. अडचण कायमची राहिली तर प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो.

आणि पाहुणे. ते मोठ्याने बोलतात, जणू माणूस बहिरा झालाय. वाक्य अर्ध्यात पूर्ण करून देतात. शेवटी भावाने दारावर पाटीच लावली : 'बाबांना ऐकू येते व समजते. ओरडू नये. वाक्ये पूर्ण करून देऊ नयेत. उत्तरासाठी दहा सेकंद थांबावे; घाई असल्यास पुन्हा यावे.' आत्या रुसली, पण दहा सेकंद थांबायला लागली.

पायरी ९ : घराबाहेर, आणि सगळ्यात शेवटी फोन

पंधरावीस वाक्यं जमली, की बाहेरच्या एकेका प्रसंगाची संहिता लिहा. दोनतीन ओळींची, त्यांच्या शब्दांत. रिक्षा : 'मंडई. मीटरने.' हे घरी पन्नासदा, मग जिन्यात, मग रस्त्यावर तुम्ही मागे उभे राहून. पहिल्या दिवशी रिक्षावाला "कुठे?" असं दोनदा विचारेल, तेव्हा मध्ये तोंड घालायचं नाही. मला त्यासाठी ओढणीचं टोक दातात धरावं लागलं होतं.

फोन सगळ्यात अवघड, कारण समोरच्याचे ओठ दिसत नाहीत आणि आपले हातवारे त्याला दिसत नाहीत. आधी घरच्यांशी व्हिडिओ कॉल, मग साधा कॉल, मग परक्याला, तोही आधी सांगून ठेवलेल्या. आम्ही कोपऱ्यावरच्या वाण्याला सांगून ठेवलं होतं. संहिता होती, 'तांदूळ, दोन किलो.' बाबांनी फोन लावला, 'तां'वर अडले, पुन्हा 'तां', मग थांबले, श्वास घेतला आणि स्पष्ट म्हणाले, "पोहे. दोन किलो." पुढच्या आठवड्यातही पोहे, त्याच्या पुढच्याही. कपाटात सहा किलो पोहे जमल्यावर आईने तांदूळ मला आणायला सांगितले.